ज्याची त्याले खूण

६ जानेवारी, सोमवार

कृषी केंद्रवाल्यानं जीवनला नव्या वर्षाची डायरी दिली, ती त्यानं माझ्याकडे टाकली. प्रत्येक पानाच्या तळाशी खताची जाहिरात आहे, पण वरची जागा मोकळी आहे. तोंडानं मी त्याला 'अहो' म्हणते, इथे जीवन म्हणणार. दिवसभर पार्लरमध्ये बायकांच्या भुवया कोरता कोरता त्यांच्या घरचं सगळं ऐकून घेते. माझ्या घरचं ऐकायला कोणी नाही, म्हणून हे.

तर आमच्या घरचं असं, की माझ्या नवऱ्याला फोनवर एक माणूस सापडलाय. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. स्वतःला 'दहावा माणूस' म्हणवतो. पहिले नऊ कुठे गेले ते विचारायचं नाही. आठ-पंधरा दिवसांनी चॅनलवर दोन ओळी टाकतो. 'कावळा पूर्वेला बसला. तीन दारं लागली.' झालं. मग हजारो लोक त्या कावळ्याचा अर्थ लावत बसतात. हे लोक स्वतःला 'जागे' म्हणतात, आणि बाकी आम्ही सगळे झोपलेले. त्यांचं म्हणणं, पाऊस, गारा, थंडी, सगळं वरून कोणीतरी ठरवून पाडतं, अंदाज मुद्दाम खोटे सांगतात, आणि दहावा माणूस आतला असून जिवावर उदार होऊन खुणा पाठवतो.

मी म्हटलं, "जिवावर उदार झाला तं सरळ मराठीत लिहा ना म्हना त्याले."

"सरळ लिहिलं तं पकडतीन त्याले," जीवन म्हणाला. तेही इतक्या गंभीरपणे, की माझ्या हातातला पोळीचा गोळा तसाच राहिला.

शनिवारी नवीन संदेश आला. 'थांबा. खूण मिळेपर्यंत थांबा.' काय थांबवायचं, ते काही लिहिलेलं नाही. आमचा संत्र्याचा बगिचा सध्या ताणावर आहे. डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाला तहान लागू द्यायची, आणि संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की आंबिया बहार फुटतो. सगळा मोर्शी तालुका हेच करतो. वेळ चुकली की वर्षाचा बहार गेला, आणि जास्तच ताणलं तर फांद्या वाळून झाडच जातं. जीवननं अर्थ लावला, पाणी थांबवा.

९ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी सगळ्यांना तोंडं उजळून हवी असतात, त्यामुळे पार्लरमध्ये बसायला जागा नव्हती. जाग्यांच्या घरच्या बायका कोण कोण आहेत ते आज कळलं. मला वाटलं होतं मी एकटीच नशीबवान.

एकीच्या दिरानं 'थांबा' वाचून अमरावतीला मुलीची सोयरीक थांबवली. दुसरीच्या भावानं घराचा रंग अर्धवट ठेवला, आता समोरची भिंत पिवळी आणि बाजूची निळी आहे. दुपारी अकोल्याहून माझ्या बहिणीचा, पौर्णिमाचा फोन आला. तिच्या चुलतसासऱ्यांनी सगळा कापूस घरात भरून ठेवलाय, लोकांना झोपायला जागा नाही, पण विकायचा नाही. म्हणजे ज्याच्या हातात जे काम होतं ते त्यानं थांबवलं. संत्रेवाल्यांच्या हातात पाणी होतं. फोन बघणं थांबवा, असा अर्थ मात्र एकाही बाप्याला सुचला नाही.

शेवटी शालूताई आली. नाल्यापलीकडे तिचा बगिचा आहे. नवरा सुरतेला ट्रकवर असतो, झाडं हीच बघते. फवारा कोणता मारायचा, पाणी कधी तोडायचं, सगळं जीवनला विचारून करते. तो चॅनलवर आहे म्हणून तीही आहे.

आरशातून मला म्हणाली, "जीवनभाऊनं काय ठरवलं वो? पाणी देऊन राह्यले का थांबून राह्यले?"

"थांबून राह्यले."

"मंग मीबी थांबतो बाप्पा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मी दोरा दातात धरला होता, नाहीतर चार शब्द सुनावले असते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गोड बोलायचा दिवस आमच्या घरी सकाळी आठालाच संपला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव, पहाटेच बगिच्यात जाऊन आले. येताना एक पान खिशात घालून आणलं आणि ते जीवनच्या चहाच्या बशीत ठेवलं.

"चमक गेली पाहाय. पान वळून राह्यलं. दोन-चार दिवसांत पाणी पाह्यजे याले."

"बाबा, तुमच्या काळचं आभाळ खरं होतं," जीवन म्हणाला.

"अन् आता काय पत्र्याचं बसवलं?"

मी हसले. जीवन चहा तसाच ठेवून उठून गेला. मग मामाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुवं काई ऐकन तो." माझं ऐकलं असतं तर मी अजून काय काय सांगितलं असतं! तिळगूळ चांगला झाला होता, कोणी हात लावला नाही. संध्याकाळी मी एकटीनंच पाच वड्या खाल्ल्या, रागानं.

१९ जानेवारी, रविवार

आज जाग्यांची फोनवर सभा होती. जीवन इस्त्रीचा शर्ट घालून बसला. खाली घरची चड्डीच होती, पण वरून अगदी नवरदेव. एक कोणी अंजनगाव सुर्जीचा, एक अकोल्याचा, बाकी कुठकुठले. सगळे त्याला 'जीवनभाऊ, तुमी सांगा', 'जीवनभाऊंचं आधी ऐका' म्हणत होते. आणि तो सांगत होता, कावळा म्हणजे काय, दारं म्हणजे काय. स्वयंपाकघरातून ऐकताना मला वाटलं हा दुसराच कोणी आहे. गावात तर दोन वर्षं तो चारचौघांत तोंड उघडत नाही.

त्या दोन वर्षांचं मूळ मला माहीत आहे. फोनवर अंदाज आला होता, आभाळ मोकळं राहील. जीवननं पारावर सगळ्यांना सांगितलं, लवकर पाणी सोडा, लवकरचा बहार घ्या, मी हमी घेतो. बहार फुलला आणि गारा पडल्या. अर्धा तास. सगळी फुलं मातीत. लोक त्याच्या तोंडावर काही बोलले नाहीत, पण पार्लरमध्ये माझ्या तोंडावर बोलायचे. त्यानंतर कधीतरी हा दहावा माणूस आला आणि त्यानं सांगितलं की ते तुझं चुकलं नव्हतं, त्या गारा पाडलेल्या होत्या.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "गारा हायत त्या, पडतात." त्यात एवढं काय लागलं त्याला, मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बगिच्याबद्दल बोलेनासा झाला.

२३ जानेवारी, गुरुवार

वेड वाढत चाललंय. सकाळी मामाजींना चहा द्यायला बगिच्याकडे गेले, तर जीवन एका झाडाला हात लावून उभा. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खाली पडलेली पानं उचलून बघत होता. मला पाहिलं तसा फोन काढून त्यात बघायला लागला. झाडावरसुद्धा खुणा शोधतो की काय, देव जाणे.

दुपारी तर कमालच केली. पार्लरमध्ये आला. गिऱ्हाईक बसलेलं, तिच्या तोंडाला लेप लावलेला, आणि हा म्हणतो, "जरा वावरात येतं का?" मी गेले. मोटरच्या खोलीत नेलं आणि मला शिकवायला लागला. हे बटण दाबायचं, हा दिवा लागला की पाणी आलं समजायचं, हा व्हॉल्व्ह वरच्या झाडांचा, हा खालच्या.

"मले काहून सांगता? मी काय पाणी धरू?"

"सांगून ठेवतो. माणसाचं काय."

"लग्नाले इतके वर्षं झाले, आज सुचलं का?"

त्यानं व्हॉल्व्ह पुन्हा एकदा दाखवला, जणू मी ढ आहे. तिकडे गिऱ्हाइकाचा लेप वाळून कडक झाला होता, ती बिचारी बोलूही शकत नव्हती. मी सगळा राग तिचं तोंड धुण्यात काढला.

मामाजी दोन दिवसांपासून अर्धीच भाकर खातात.

२६ जानेवारी, रविवार

केलं. जे व्हायचं ते होऊ दे.

जीवन सकाळी अकोल्याला गेला. जाग्यांची बैठक, मुक्काम आहे म्हणाला. बस चुकेल म्हणून मी घाई करत होते, हा आपला दारात घुटमळतोय. पाणी घेतलं का, चष्मा घेतला का, माझं सगळं विचारून झालं. गेला एकदाचा. आणि मोटरच्या खोलीची चावी विसरला. जी चावी कायम त्याच्या कमरेला असते, रात्रीही उशीखाली असते, ती माझ्या आरशासमोर, कंगव्याच्या बाजूला. इतका विसराळू झालाय की उद्या मला विसरेल.

मी चावी घेऊन मामाजींपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "लाइन दुपारची हाय."

दुपारी वीज आल्यावर दोघं गेलो. बटण दाबलं, दिवा लागला, खालून गुरगुर झाली आणि पाणी आलं. मामाजी काठी टेकत या झाडापासून त्या झाडापर्यंत फिरत होते. "पहिलं हलकंच द्या लागते, बाई, पोटभर नाही. उपाशी माणसाले कसं, तसं." शेवटी बांधावर बसले आणि ओल्या मातीत पाय ठेवून डोळे पुसायला लागले. मला वाटलं होतं मी ओरडेन, भांडेन, जिंकले म्हणेन. मलाही रडूच आलं.

जीवनला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. पण ओली माती काय त्याला दिसणार नाही?

३० जानेवारी, गुरुवार

दिसली नाही! देवानं वाचवलं. अकोल्याहून आल्यापासून त्याचा पाय मुरगळलाय, चार दिवस बगिच्याकडे फिरकला नाही. पार्लरसमोरच्या टपरीवर मात्र दोनदा चालत गेला. मामाजींनी काल दुसरं पाणीही देऊन टाकलं. पोटभर. चावी अजून आरशासमोरच आहे, त्यानं विचारलीसुद्धा नाही.

आणि आज जेवताना सहज म्हणाला, "मले खूण मिळाली."

मी विचारलं, "कोनती खूण?"

"हाय एक. माह्यापुरती. ज्याची त्याले येते." मग बाहेर जाऊन फोनवर अकोल्यावाल्याला हेच सांगत बसला, की मला खूण आली आणि मी पाणी सोडलं. पाणी दिल्याचं याला कळलं कुठून? आणि म्हणे मी सोडलं! मोटर कोणी लावली, चिखल कोणाच्या साडीला लागला, आणि श्रेय त्या बिननावाच्या माणसाला. पण घरात कितीतरी दिवसांनी शांतता होती, मामाजी पूर्ण भाकर खात होते. म्हटलं जाऊ दे. तोंड बंद ठेवलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. हळदीकुंकवाची शेवटची गर्दी. त्यात शालूताई आली, भुवयांचं निमित्त काढून. दोरा लावला तशी म्हणाली,

"दीपा, जीवनभाऊले खूण आली म्हनते. कशी आली वो? म्हंजे काही दिसलं, का आवाज आला?"

बाजूच्या खुर्चीत अकोल्यावाल्याची मावसबहीण बसली होती, कान टवकारून. मी म्हटलं, "मले काय माहीत शालूताई. आली असन."

"मलेबी येईन ना?"

"येईन," मी म्हटलं. आणि तिची डावी भुवई जरा जास्तच बारीक झाली, ती नीट करत बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

बहार फुटला! फांदी दिसत नाही एवढा. वास घरापर्यंत येतो, पार्लरमध्ये बायका विचारतात कोणतं क्रीम वापरतेस म्हणून. मामाजी सकाळ-संध्याकाळ बगिच्यातच.

पण सुखानं बघू देतील तर ना. सकाळपासून जाग्यांच्या मोटारसायकली येताहेत. फुलांसोबत फोटो, झाडासोबत फोटो, जीवनसोबत फोटो. अंजनगावच्या एकानं चप्पल काढून बगिच्यात पाय ठेवला. जीवनला त्यांनी अमरावती जिल्ह्याचा प्रमुख केलंय. सगळ्यांचा चहा मी केला. एक जण मला म्हणाला, "वहिनी, तुमी किती भाग्यवान." मी त्याच्या चहात साखर घातली नाही.

जीवन खूश असायला हवा होता. तो प्रत्येक फोटोत खाली बघतोय. लोक गेल्यावर मला म्हणाला, "शालूकडे गेलती का तू एवढ्यात?"

"मी काहून जाऊ? तुमची शिष्या हाय ते. तुमी जा."

तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात अजून एक मोटारसायकल आली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामाजी नाल्यापलीकडे गेले होते. परत आले ते पार्लरच्या पायरीवरच बसले. ते पार्लरकडे कधी येत नाहीत, बायका असतात म्हणून.

"शालूनं पाणी नाही देलं अजून," ते म्हणाले. "शेंडे गेले. बाई, शेंडे वाळले तिचे."

माझ्या हातातली वाटी खाली पडली. रथसप्तमीला शालूताई माझ्याच खुर्चीत बसली होती. मलाही येईल ना, म्हणून विचारलं होतं. आणि मी येईन म्हटलं, एका मावसबहिणीच्या धाकानं, घरातल्या शांततेसाठी.

घरी गेले. जीवनच्या समोर उभी राहिले. म्हटलं, लिहा आत्ताच्या आत्ता, खूण आली नव्हती म्हणून. त्यानं फोन घेतला. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. मी फोन हिसकावला आणि जाग्यांच्या ग्रुपवर बोलूनच टाकलं.

"मी जीवनची बायको बोलून राह्यली, दीपमाला. कोनालेच कोनती खूण आली नाही. सव्वीस तारखेले मोटर म्या चालू केली, माह्या सासऱ्याच्या सांगन्यावरून, यायले न विचारता. ज्याच्या ज्याच्या झाडात जीव हाय त्यानं आजच पानी सोडा. कोनाची वाट पाहू नका."

पाठवलं. वाटलं जीवन हात उचलेल, निदान ओरडेल. तो पलंगावर जाऊन आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. अब्रू चव्हाट्यावर गेली आणि हा माणूस ढाराढूर. कित्येक आठवड्यांत असा झोपला नव्हता. मला तर डोक्याला हात लावावासा वाटला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मी हसू की रडू.

सकाळी जीवनला प्रमुखपदावरून काढलं. चला, निदान चहा वाचला. अकोल्यावाल्यानं लिहिलं की 'ही बाई विकली गेली आहे'. कोणाला, ते कळलं तर बरं होईल. दुपारपर्यंत दुसराच सूर सुरू झाला. सव्वीस तारीख, दोन आणि सहा आठ. दीपमाला, दीप म्हणजे उजेड. पुरुष शोधत बसलो म्हणून सापडला नाही. मला कळायच्या आत मी दहावा माणूस झाले.

फोन थांबत नाही. वरुडचा एक, चांदूर बाजारचा एक, कुठल्या कुठल्या गावाचे. "ताई, खूण समजू का?" मी पहिल्या चौघांना तासभर समजावलं, अहो मी पार्लर चालवते, मी कोणी नाही. ते म्हणाले, "तुमाले तसंच सांगा लागते, समजते आमाले." आणि पाणी काही सोडेनात.

पाचवा म्हातारा होता. त्याचा आवाज मामाजींसारखा होता. "माय, पानं सारे गळून गेले. सोडू का पानी?"

मी म्हटलं, "सोडा."

"खूण समजू?"

"समजा बाबा. सोडा, पन आधी हलकंच द्या."

त्यानंतर सगळ्यांना हेच सांगितलं. दिवसभर. जीवन बाजूला बसून कोणत्या जमिनीला किती पाणी ते कागदावर लिहून देत होता, मी फोनवर सांगत होते. शालूताईचा फोन आला नाही. मी केला, तिनं उचलला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज नाल्यापलीकडे गेले. एकटीच. जीवन येतो म्हणाला होता, बांधापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

शालूताईनं परवापासूनच पाणी सुरू केलं होतं. बुंध्याशी ओल होती आणि वर सगळं करडं. करवत घेऊन ती वाळलेल्या फांद्या कापत होती. काही झाडं खालून हिरवी आहेत, ती कदाचित वाचतील. मधली ओळ गेली. बहाराचा तर प्रश्नच नाही. तिच्या भुवयांना अजून माझ्याच हातची रेघ होती.

मी फांदीचं दुसरं टोक धरलं. तिनं धरू दिलं. दोन झाडं आम्ही मिळून छाटली.

मग मी म्हटलं, "शालूताई, तू ऐकलं का म्या काय बोलली ते? खूण-बिण काही नव्हती. मोटर म्या चालू केली होती."

"ऐकलं ना," ती म्हणाली. करवत थांबवली नाही. फांदी तुटून खाली पडली, तेव्हा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, खरंच विचारत होती.

"मंग माह्या वावरात काहून नाही आली तू?"